अंगावरचा टाका

गाडीच्या ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये एक निळी फाइल होती आणि तिच्याकडे बघायचं नाही असं सुनेत्राबाईंनी कॅनडातल्या ग्वेल्फहून निघतानाच ठरवलं होतं. पण ठरवून काय होतं? जिथे बघायचं नाही तिथेच मेला डोळा जातो. टिश्यू काढायला उघडा, तर फाइल. चष्मा ठेवायला उघडा, तर फाइल. शेवटी त्यांनी चष्मा मांडीवरच ठेवला.

फाइलमध्ये शशिकांतरावांच्या देहदानाचा फॉर्म होता. सगळा भरलेला, इंजिनिअरी कॅपिटल अक्षरांत, एकही खाडाखोड नाही. खाली त्यांची सही झाली होती. तिच्याखालची जवळच्या नातेवाइकाच्या सहीची ओळ मात्र दोन महिने कोरी होती, आणि ती कोरी असेपर्यंत विद्यापीठ काही शशिकांतरावांना घेणार नव्हतं.

"मी गेल्यावर माझं काय करायचं ते मी ठरवणार," हे त्यांचं म्हणणं.

"तुम्ही गेल्यावर ठरवायला तुम्ही असणार आहात का? मागे मी असणार," हे बाईंचं.

या दोन वाक्यांवर दोन महिने संसार चालला होता. शशिकांतराव आकडे सांगायचे, एका देहावर किती विद्यार्थी शिकतात, किती डॉक्टर तयार होतात. बाईंना त्या आकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं. थंडगार टेबल, वर पांढरा उजेड, आणि भोवती वीस-वीस वर्षांची अनोळखी पोरं. एखाद्याच्या कानात इयरफोन. आपल्या नवऱ्याला ती पोरं उलटणार, पालटणार, आणि त्यांना त्याचं काहीसुद्धा वाटणार नाही. छे! मुलगा नंदन स्कारबरोहून फोनवर म्हणाला, "मॉम, इट्स लिटरली हिज चॉइस." त्यावर बाईंनी "तुझं लिटरली तुझ्यापाशी ठेव" म्हणून फोन ठेवला होता.

आणि आता हा नवा घाट. मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकएंडला क्यूबेक बघून येऊ, असं शशिकांतराव म्हणाले, आणि मग हळूच नकाशावर बोट ठेवून एक खेडं दाखवलं. तिथल्या जुन्या चर्चच्या तळघरात दीड-दोनशे वर्षांपूर्वी पुरलेली माणसं जशीच्या तशी वाळून टिकली आहेत. औषध नाही, मसाला नाही, आपोआप. "बघण्यासारखं आहे म्हणतात," शशिकांतराव म्हणाले, आणि इतकं निरागस तोंड करून म्हणाले की बाईंना लगेच कळलं.

"मेलेल्या माणसांत भिण्यासारखं काही नसतं, हे मला दाखवायला नेताय ना?"

"छे, छे! हेरिटेज आहे गं ते."

"हेरिटेज म्हणे! एकोणचाळीस वर्षं ओळखते मी तुम्हाला."

पण बाई नाही म्हणाल्या नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना बघायचंच होतं. चौकसपणा त्यांच्या हाडीमाशी खिळलेला. ग्वेल्फमधल्या आल्टरेशनच्या दुकानात त्यांनी अठरा वर्षं कपडे घट्ट केले, सैल केले, आणि त्या कपड्यांवरून माणसं वाचली. नुसती पँट आली तरी त्या सांगायच्या, याचा डावा पाय आखूड आहे, खिशात जड किल्ल्या ठेवतो, आणि बायको सोडून गेलेली दिसते, कारण बटण स्वतः लावलंय. दुकानाची मालकीण हसायची. पण पँट न्यायला माणूस आला की त्याच्या चालीकडे बघत राहायची.

तर असे हे दोघं माँट्रियलला एक मुक्काम करून शनिवारी सकाळी त्या खेड्यात पोचले. गावाचं नाव पाटीवर लांबलचक, पण तोंडाने उच्चारायचं निम्मंच. सेंट लॉरेन्स नदीचं पात्र तिथे इतकं रुंद की पलीकडचा काठ धूसर दिसत होता. चर्च दगडी, बसकं, छपरावर पत्रा. दारातच एक म्हाताऱ्या बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, अंगात करडा कार्डिगन. त्याला बटणं होती, पण लावलेली नव्हती. छातीवर मोठी सेफ्टी पिन अडकवून ते बंद केलं होतं. बाईंच्या नजरेनं ते टिपलं आणि बाजूला ठेवून दिलं.

त्या मादाम लोरेत. तळघराची किल्ली त्यांच्याकडे. त्यांचं इंग्रजी बेताचं, आणि बाईंचं फ्रेंच म्हणजे दुधाच्या पिशवीवर आणि सीरियलच्या खोक्यावर जेवढं छापलेलं असतं तेवढं. पण दोघी बोलक्या. दोन मिनिटांत मादामना कळलं की ही माणसं मूळची नागपूरची, नवरा इमारतींना गरम-गार हवा पुरवण्याच्या कामातला इंजिनिअर, आता रिटायर, आणि बाई शिवणकाम करणाऱ्या.

तळघराच्या जिन्याशी बाईंनी बूट काढले.

"अगं, हे देऊळ नाहीये," शशिकांतराव खालच्या आवाजात म्हणाले. "इथे माणसं पुरलीत. घाल ते बूट."

"वर देव आहे ना?"

"तो वर आहे. आपण बेसमेंटमध्ये चाललोय."

"मग देवाच्या घराचं बेसमेंट कोणाचं? भाडेकरूचं? काढा तुम्हीपण."

शशिकांतरावांनी पुटपुटत बूट काढले. मादाम दोघांच्या पायांकडे बघत राहिल्या. आजवर असं कोणी केलं नव्हतं. मग त्या आत गेल्या आणि लोकरीच्या जाड मोज्यांचे दोन जोड घेऊन आल्या. गावातल्या बायका हिवाळ्यात विणतात, म्हणाल्या, खाली फरशी फार गार असते.

जिना उतरल्यावर बाईंना पहिलं नवल वाटलं ते वासाचं. वासच नव्हता. फार दिवसांनी उघडलेल्या लाकडी कपाटाला येतो तेवढाच. छत बुटकं, भिंती चुन्याच्या, दोन टोकांना दोन झरोके, आणि मधे दोन ओळींत अकरा लाकडी पेट्या. झाकणं काढलेली. पुढे एक दोरी बांधलेली.

आणि आत माणसं.

"अगं बाई!" सुनेत्राबाईंच्या तोंडून निघालं. भीतीनं नव्हे. खरोखरीची माणसं होती ती. कातडी काळपट तपकिरी, वाळून हाडांना घट्ट बसलेली, पण प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एकाचं नाक बाकदार. एकाच्या दाढीचे खुंट अजून हनुवटीवर. एक म्हातारा असा तोंड मिटून पडला होता की कोणाशी तरी भांडून झोपलाय असं वाटावं.

मादाम सांगू लागल्या. हे दोन झरोके समोरासमोर आहेत. एक नदीकडे, एक टेकडीकडे. सहा महिने कडाक्याची कोरडी हवा एकातून येते, दुसऱ्यातून जाते. जमीन चुनखडीची, ती ओल शोषते. पुरणाऱ्यांनी काही मुद्दाम केलं नव्हतं. पुढे मजल्याची दुरुस्ती निघाली तेव्हा पेट्या उघडल्या आणि सगळा गाव चकित झाला.

"क्रॉस व्हेंटिलेशन!" शशिकांतराव खूश. "सुनेत्रा, कळलं का? फ्रीज-ड्राय झालेत हे. आपलं इन्स्टंट कॉफीचं तंत्र. हा झरोका जरा खाली आहे, तो वर आहे, म्हणजे ड्राफ्ट आपोआप..." आणि ते झरोक्याकडे गेले. वाकून बघितलं. हात लावून हवा अजमावली. मग छत बघितलं, कमान बघितली, फरशीवर टाच आपटून बघितली.

बाईंना प्रश्न सुचत होते ते वेगळेच. यांची नावं काय? मादामना अकराही नावं पाठ होती. हा नोटरी. हा होडीवाला. ही दोघी बहिणी, एकाच आठवड्यात तापानं गेल्या. यांच्या पायांत काही का नाही? बूट महाग होते, मादाम म्हणाल्या, ते घरातल्या पुढच्या माणसाला दिले जात. "शहाणी माणसं," बाई म्हणाल्या. केस अजून कसे राहिले? दात यांचेच का? कपडे पुरतानाचेच?

"कपडे..." मादाम जरा थांबल्या. "हो. बहुतेक."

तेवढ्यात बाई एका पेटीपाशी थबकल्या. आत एक बाई होती, लहानखुरी, अंगात पायघोळ पांढरा झगा. तिचं नाव रोझाली. गावची सुईण. अर्ध्या गावाच्या पणजोबांना तिनं या जगात आणलं, मादाम म्हणाल्या. सुनेत्राबाई मात्र चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला होता आणि त्या तिच्या मनगटाकडे टक लावून बघत होत्या.

"हा धागा तिच्या वेळचा नाही," त्या म्हणाल्या.

"पार्दाँ?" मादामनी विचारलं.

"ही बाही. हा धागा चकाकतोय. पॉलिएस्टर आहे. ही अलीकडची गोष्ट, पन्नास-साठ वर्षांतली. त्याच्या खालचा सुती आहे, जुना. आणि त्याच्याही खालचा बघा, जाडाभरडा, हातानं कातलेला. तीन-चार वेळा शिवलंय हे. वेगवेगळ्या बायकांनी." बाईंना आता राहवेना. दोरीवरून त्या इतक्या वाकल्या की मादामनी दोरीच सोडली. "ही बाई घाईत असायची, टाके लांब लांब आहेत. ही जीव ओतून शिवायची. आणि ही पॉलिएस्टरवाली डावखुरी होती. टाक्यांचा कल उलटा आहे बघा."

मादाम लोरेतचा चेहरा पार बदलला. त्यांनी पेटीच्या कडेला हात टेकला.

"ती माझी आई," त्या म्हणाल्या.

मग ते सगळं बाहेर आलं. पाहुण्यांना कधी सांगत नाहीत, म्हणाल्या. दर मे महिन्यात, दार लोकांसाठी उघडायच्या आधी, गावातल्या बायका सुई-दोरा घेऊन खाली येत. कापड जुनं, आपल्याच वजनानं फाटतं. कधी दुमड सुटते, कधी शिवण उसवते. मेलेलं माणूस झालं तरी उघडं कसं ठेवायचं? म्हणून त्या बसून डागडुजी करत. आई, तिची आई, तिची आई. त्या रोझालीच्या नात्यातल्या नव्हत्या. कोणाच्याच नात्यातल्या नव्हत्या. बारा जणी होत्या, मग पाच राहिल्या, पोरी शहरात गेल्या. गेली सहा वर्षं मादाम एकट्या. आणि यंदा... त्यांनी हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते. सुई धरवत नाही. दुमड उसवली ती तशीच राहिली. "असा हात उघडा टाकून लोकांना दाखवते मी तिला. लाज वाटते."

तेव्हा बाईंना कार्डिगनची सेफ्टी पिन समजली.

"सुई आहे का?" त्यांनी विचारलं.

मादामनी कोनाड्यातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत सुया, रिळं, छोटी कात्री.

बाईंनी दोरा ओवला खरा, पण हात तिथेच थांबला. लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं, अंगावरचा कपडा शिवायचा नाही. अंगावर शिवतात तो मेल्या माणसाचा. फारच अडलं तर दातांत काडी धरायची. दुकानात अठरा वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाच्या अंगावर टाका घातला तो एकदाच. एका नवरीच्या ड्रेसची चेन ऐन लग्नाच्या दिवशी तुटली, तो काढायला वेळ नाही, तेव्हा त्या गोऱ्या पोरीलाही तोंडात दोरा धरायला लावून मगच बाईंनी तिला शिवून काढलं होतं. पोरगी बिचारी दोरा चावत रडत होती. आणि आज ही पहिली, जिच्या अंगावर शिवायला कोणाची हरकत नव्हती.

पण उजेड कमी. झरोक्यातनं येत होता तो पेटीपर्यंत पुरेना.

"अहो, इकडे या. फोनचा टॉर्च धरा."

शशिकांतराव टेकडीकडच्या झरोक्यापाशी होते. "मी? अगं, या मादाम आहेत ना."

"त्यांचे हात बघितलेत का? या लवकर."

ते आले. आले म्हणजे काय, पेटीपासून दोन हात अंतरावर उभे राहिले आणि फोन पुढे केला. मान मात्र वर.

"छतावर शिवतेय का मी? इथे धरा, सुईवर."

आणि तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अर्धा तास झाला होता. या माणसानं दोन्ही झरोके पाहिले होते, छत पाहिलं होतं, कमान पाहिली होती, फरशी ठोकून पाहिली होती. चेहरा एकही पाहिला नव्हता. मला धीट करायला घेऊन आले आणि स्वतः भिंती बघत फिरतायत! हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण पाठोपाठ त्यांना आठवलं की या अडुसष्ट वर्षांच्या माणसानं मेलेलं माणूस जवळून कधी पाहिलेलंच नाही. वडील गेले तेव्हा कॅनडात येऊन तीन महिने झाले होते, नोकरी नवी, जाता आलं नाही. आई गेली तेव्हा डिसेंबर होता. सुनेत्राबाई भावाच्या लग्नाला नागपूरला गेलेल्या, त्या तिथेच होत्या. इकडे टोरांटोत बर्फाचं वादळ, विमानं बंद. शशिकांतराव तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा अस्थीसुद्धा गोळा करून झाल्या होत्या. त्याला बावीस वर्षं झाली. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही.

बाईंनी रोझालीचं मनगट डाव्या हातानं हलकेच उचललं. वजनच नव्हतं. कातडी कोरडी, कडक, जुन्या चामडी पट्ट्यासारखी. त्यांना वाटलं होतं अंगावर शहारा येईल. तो आला नाही. आली ती मायाच. किती जणींना या हातानं वेणा सोसायला मदत केली असेल, असं वाटून गेलं.

"सैल सोड गं बाई हात," त्या सवयीनं म्हणाल्या, आणि पहिला टाका घातला.

दुसरा, तिसरा. कापड इतकं विरलेलं की सुई जपून न्यावी लागत होती. जुन्या टाक्यांना धक्का न लावता त्यांच्या शेजारून त्या शिवत होत्या. उजेड थरथरत होता. मादाम पलीकडे उभ्या राहून त्यांच्या बोटांकडे बघत होत्या.

"सुनेत्रा," शशिकांतराव म्हणाले. ते आता छताकडे बघत नव्हते. "आईचे हात... असे होते का गं?"

सुई थांबली.

"नाही," बाई म्हणाल्या. "असे नव्हते. मऊ होते."

"तूच घातलीस ना आंघोळ?"

"मी होते, आणि चाळीतल्या दोन बायका. माझ्या ओळखीच्यासुद्धा नव्हत्या. कोणीतरी बोलावून आणलं होतं त्यांना. पाणी कढत होतं, तर त्यातली एक म्हणाली, विसण घाला, चटका बसेल त्यांना. मी म्हटलं, आता कसला चटका? तर माझ्यावर ओरडली. म्हणाली, म्हणून काय भाजायचं? आणि तिनंच पाणी बेताचं करून दिलं. दुसरीनं केस विंचरले. गुंता होता, तो हळूहळू सोडवला. ओढला नाही."

शशिकांतरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं पेटीची कड धरलेली.

"हातात घड्याळ होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही पाठवलेलं. ते मी काढलं. मनगटावर पट्ट्याचा वळ उमटला होता, तेवढी जागा गोरी."

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

उजेड स्थिर झाला. बाईंनी उरलेले टाके घातले, गाठ मारली, कात्रीनं दोरा कापला. बाही मनगटावर नीट बसली. शशिकांतराव मग एकेका पेटीपाशी गेले. नोटरी, होडीवाला, त्या दोघी बहिणी. प्रत्येकाच्या तोंडाकडे त्यांनी वाकून, वेळ घेऊन बघितलं. एकदा मादामना विचारलं, "यांचं वय काय असेल हो?" झरोक्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलंसुद्धा नाही.

निघताना मादामनी बाईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि पुढल्या मेमध्ये याल का म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, येईन, पण एकटीनं किती वर्षं निभवायचं, गावात दोन पोरी बघून ठेवा, शिकवते. मोजे परत करायला लागल्या तर मादामनी घेतले नाहीत.

दोघं गाडीत येऊन बसले. समोर नदी, काचेवर काळ्या माश्यांनी धरलेला फेर. बाईंच्या बोटांना अजून त्या कोरड्या मनगटाचा स्पर्श जाणवत होता. रोझाली आपली कोण? कोणी नाही. ना तिची भाषा येते, ना तिचा देव ठाऊक. सासूबाईंचा गुंता सोडवणारी ती बाई तरी त्यांची कोण होती? परक्या माणसाचा हात लागला म्हणजे काही वाटत नसणार, हे आपण कशावरून धरून चाललो होतो? बावीस वर्षांची पोर टेबलापाशी उभी राहील आणि आपल्यासारखीच विचारील, या आजोबांचं असं कसं झालं असेल बरं? विचारू दे की. बघितल्याशिवाय माया तरी कुठून येणार?

त्यांनी फाइल काढली. फॉर्म मांडीवर घेतला, चष्मा लावला आणि त्या कोऱ्या ओळीवर सही केली. सुनेत्रा शशिकांत, आणि पुढे आडनाव, पूर्ण.

शशिकांतराव बघतच राहिले. "नक्की?"

"नक्की."

"थँक्यू," ते म्हणाले. एकोणचाळीस वर्षांत नवऱ्यानं इतक्या मनापासून थँक्यू म्हटल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

"आता दुसरा काढा."

"दुसरा काय?"

"फॉर्म. तुम्ही जादा प्रत छापल्याशिवाय राहिला असाल होय? माझा भरा."

"तुझा?" शशिकांतराव हसले. "तुझा कशाला?"

"कशाला म्हणजे? बायकांची शरीरं कशी असतात ते नको का शिकायला पोरांना?" बाईंनी थट्टेतच सुरू केलं होतं. पण वाक्य संपता संपता त्यांना कळलं की आपण थट्टा करत नाही आहोत.

कोरा फॉर्म फाइलच्या मागच्या कप्प्यात निघालाच. शशिकांतरावांनी पेन घेतलं आणि सवयीच्या कॅपिटल अक्षरांत सरसर लिहू लागले. नाव. जन्मतारीख. पत्ता. फॅमिली डॉक्टर. बाईंनी खाली सही केली आणि फॉर्म परत दिला. आता एकच ओळ राहिली होती.

पेन त्या ओळीवर टेकलं आणि तिथेच राहिलं.

"अहो, सही."

"हो." पण पेन हललं नाही. त्यांनी बाईंच्या हाताकडे बघितलं. मग बाहेर बघितलं, मग पुन्हा हाताकडे. "अगं, पण... अनोळखी पोरं असतील ती. वीस-वीस वर्षांची."

"असतील."

"त्यांना काय माहीत तू कोण आहेस!"

"नसणारच माहीत."

"तुला कोणीतरी..." दोन महिने आकडे सांगणारा माणूस, एक आकडा सुचेना त्याला. पेनला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "सुनेत्रा, उद्या केली तर चालेल का गं?"

बाईंना हसूही आलं आणि भरूनही आलं. हेच तर सांगत होते मी तुम्हाला, असं ओठांवर आलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत. नवऱ्याचा चेहराच असा झाला होता.

"मला दोन महिने लागले," त्या म्हणाल्या. "तुम्हीही घ्या सावकाश. सरका इकडे, गाडी मी चालवते."

जागा बदलून शशिकांतराव बसले. फॉर्म मांडीवर, त्यावर दोन्ही हात. माँट्रियल येईपर्यंत त्यांनी सही केली नाही आणि फॉर्म फाइलमध्येही ठेवला नाही.